दगडावरील थिल्लरपणा : नियम अकरावा

मृत्यू ही अत्यंत गंभीर बाब आहे, आणि या विधानाला आजवर एकाही मृताने हरकत घेतल्याची नोंद आमच्या दप्तरात नाही. हरकती येतात त्या मागे राहिलेल्यांकडून. त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी लिटल ॲशकूम या आमच्या गावात चर्चच्या आवाराची एक समिती आहे. गावात जिवंत माणसं चारशे बारा आणि आवारात दगड दोनशे चौदा. पैकी दोनशे चौदांचा आम्हाला कधी त्रास झालेला नाही.

मी या समितीचा चिटणीस. मूळचा वाईचा, पेशाने औषधविक्रेता, आता निवृत्त. या देशात चिटणीस निवडण्याची पद्धत अशी की सभेत जो चहाचं पाणी ठेवायला उठतो, तो परत यायच्या आत त्याची एकमताने निवड होते. तेवीस वर्षांपूर्वी मी किटलीपाशी गेलो होतो. हिंदू माणसाने ख्रिस्ती थडग्यांचं इतिवृत्त लिहावं का, असा प्रश्न मागे एकदा निघाला. पण त्याविरुद्ध नियम सापडला नाही, शिवाय माझं अक्षर चांगलं आहे.

आमचे नियम १८६८ सालचे आहेत. त्यातला दहावा मेंढ्यांविषयी आहे आणि बारावा फुलांच्या बरण्यांविषयी. मधला अकरावा एवढाच : ‘दगडावर लेव्हिटी नसावी.’

लेव्हिटी हा इंग्रजीतला जुना, कडक इस्त्रीचा शब्द. अर्थ थिल्लरपणा. पण थिल्लरपणा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पोरंटोरं येतात, आणि लेव्हिटी ही मोठ्या माणसांची असते. जिथे तोंड पाडून बसायचं तिथे एखादा गृहस्थ सगळंच हसण्यावारी नेतो, तेव्हा त्याच्या अंगात जे शिरलेलं असतं ती लेव्हिटी. शब्दाच्या वापराबाबत समितीने काढलेले निष्कर्ष असे. हा शब्द स्वतःबद्दल वापरत नाहीत. ‘काल माझ्या हातून जरा लेव्हिटी झाली’ असं म्हणणारा माणूस अद्याप भेटलेला नाही. तो नकारार्थीच चालतो, म्हणजे ‘ही लेव्हिटीची वेळ नव्हे.’ (मग तिची वेळ कोणती, हे शोधायला मी गेल्या सत्तर वर्षांची इतिवृत्तं चाळली. अशी वेळ आलेली दिसत नाही.) आणि तो उच्चारताना भुवया वर न्याव्या लागतात. भुवया जागच्या जागी ठेवून उच्चारलेली लेव्हिटी समिती ग्राह्य धरत नाही.

दीडशे वर्षं हा नियम कुणाच्या अध्यात नव्हता की मध्यात. मग गेल्या नोव्हेंबरात विनिफ्रेड टॅपस्कॉट यांचा अर्ज आला.

विनी टॅपस्कॉट ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांचे यजमान सिरिल मे महिन्यात गेले. माती बसायला सहा महिने द्यावे लागतात, त्याप्रमाणे बाईंनी सहा महिने दिले आणि सातव्याच्या पहिल्या दिवशी अर्ज आणून माझ्या हातात ठेवला. दगड राखाडी, उंची नियमात. नाव, जन्म, मृत्यू. आणि खाली एक ओळ :

‘आलोच, दोन मिनिटांत.’

मी म्हणालो, “मिसेस टॅपस्कॉट, हे... हे असंच लिहायचं?”

“स्वल्पविरामासकट,” त्या म्हणाल्या. “आणि जरा लवकर बघा. तो चढ मला आता दोनदा थांबून चढावा लागतो. पुढच्या वर्षी तीनदा थांबावं लागेल. मला चढता येतंय तोवर दगड उभा राहू दे, एवढंच मागणं आहे.”

सिरिल टॅपस्कॉट यांची पार्श्वभूमी सांगणं भाग आहे. इंग्रज नवऱ्याला बागेच्या टोकाला एक लाकडी शेड असते. तिथे तो काहीतरी दुरुस्त करत असतो. काय, हे विचारायचं नसतं. सिरिल गावभरची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करत. विनीबाई स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारत, आणि शेडमधून एकावन्न वर्षं एकच उत्तर येई : आलोच, दोन मिनिटांत. ही दोन मिनिटं सरासरी एक तास चाळीस मिनिटांची असत. मुलीच्या बारशाला ती इतकी लांबली की पाळण्यातली मुलगी मोठी होऊन वडिलांना आणायला जाते की काय, असं लोकांना वाटू लागलं होतं.

समितीची सभा गावाच्या हॉलमध्ये भरली. अध्यक्षस्थानी मिस रस्कूम होत्या. गावातल्या शाळेच्या या निवृत्त मुख्याध्यापिकेने समितीतल्या सगळ्यांना पाढे शिकवलेले आहेत, मला सोडून. माझे आधीच पाठ होते. उजवीकडे नॉर्मन गिलर्ड, पाणीपुरवठा खात्यातून मोजमाप करत करत निवृत्त झालेले. डावीकडे आमच्या पाद्रीबाई फिलिपा यो. त्यांच्याकडे सहा गावांची सहा चर्चेस आहेत, त्यामुळे त्या कोट काढून बसत नाहीत.

मिस रस्कूम यांनी ओळ मोठ्याने वाचली. त्यांनी वाचली की कुठलीही ओळ कायद्याचं कलम वाटते.

“ही लेव्हिटी आहे,” त्या म्हणाल्या. भुवया वर होत्या; मी खात्री करून घेतली.

“मला नाही तसं वाटत,” पाद्रीबाई म्हणाल्या. “मेलेला परत येणार, हेच मी दर रविवारी सहा गावांत सांगते. सिरिलने मुदत जरा कमी सांगितली आहे, इतकंच.”

“फिलिपा, विषय गंभीर आहे.”

“माझा पण.”

नॉर्मन गिलर्ड यांनी खिशातून वही काढली. “वाद घालण्यात काय अर्थ आहे?” ते म्हणाले. “मोजू या की.”

मानवजातीच्या इतिहासात लेव्हिटीचं मोजमाप प्रथमच होत असल्याने नॉर्मन यांची श्रेणीपद्धती इथे देतो. शून्य : चेहऱ्यात फरक नाही. एक : ओठाचा एक कोपरा हलतो. दोन : नाकातून श्वास सुटतो. तीन : खांदे हलतात. चार : आवाज होतो. पाच : आधार शोधावा लागतो. तीन आणि त्यावरची श्रेणी पडली की ती लेव्हिटी. ओळ एका पुठ्ठ्यावर टंकून चाळीस प्रौढ ग्रामस्थांना दुकानाबाहेर दाखवायची आणि समोर उभं राहून नोंद घ्यायची. चाचणी निःपक्षपाती असावी म्हणून तुलनेला एक निर्विवाद गंभीर मजकूरही हवा. तो आवारातल्याच एका जुन्या दगडावरून घेण्यात आला. दगड १८९३ सालच्या जोसाया व्हेन यांचा, मजकूर ‘शांतपणे निजला.’

चाचणी शनिवारी सकाळी झाली. सिरिल यांच्या ओळीचा निकाल : चाळीसपैकी एकतीस जण ‘हं, बरंय’ म्हणाले. सहा जणांनी पाऊस येईलसं दिसतं असं मत दिलं. दोघांनी वहीधारी नॉर्मनची माफी मागितली (कारण दिलं नाही). एक होते लेन हॉकडे, आमचे पाथरवट, त्यांनी अक्षरं किती इंचांची करायची ते विचारलं. हसलं कोणीही नाही. चाळीसच्या चाळीस शून्य.

आता, या लोकांत तीस वर्षं राहिल्यावर मला एक गोष्ट ठाऊक आहे. वही घेतलेल्या माणसासमोर इंग्रज माणूस हसत नाही. तो पुठ्ठा परत देतो, आभार मानतो, दुकानाला वळसा घालतो आणि मग हसतो. दुकानामागे माझी गाडी उभी होती आणि गाडीत मी होतो. पण निरीक्षणाची जागा दुकानासमोर ठरलेली असल्याने माझी साक्ष नियमबाह्य ठरली. नॉर्मनच्या वहीत एवढीच नोंद आहे : ‘टपालपेटीमागून अधूनमधून आवाज. बहुधा कबुतरं.’

घोटाळा झाला तो तुलनेच्या मजकुरात. ‘शांतपणे निजला’ वाचून अकरा जणांचा श्वास नाकातून सुटला, सात जणांचे खांदे हलले, आणि बेकरीवाल्या एडिथ पल्मन यांना टपालपेटीचा आधार घ्यावा लागला. कारण जोसाया व्हेन यांना बैलाने कुंपणापलीकडे फेकलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. बैल मंगळवारच्या बाजाराचा होता आणि भरबाजारात हे झालं, हेही माहीत आहे. त्यावर ‘शांतपणे’ हा शब्द गावाला सव्वाशे वर्षं पुरला होता, फक्त कोणी तोंडावर दाखवत नव्हतं.

समिती निकालाला बांधील होती. सिरिल टॅपस्कॉट यांची ओळ गंभीर ठरली आणि जोसाया व्हेन यांचा दगड थिल्लर. नियम अकराप्रमाणे त्यांना हरकत असल्यास अठ्ठावीस दिवसांत कळवण्याची नोटीस मी त्यांच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर, म्हणजे दगडालाच, चिकटवली.

पण मिस रस्कूम स्वस्थ बसणाऱ्या नव्हेत. “एक दगड दोषी आणि बाकीचे तपासलेच नाहीत, हा अन्याय आहे,” त्या म्हणाल्या. “सगळे तपासा. तोपर्यंत विनीचा अर्ज स्थगित.”

विनीबाईंना हे सांगायला मलाच जावं लागलं. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला, आणि आल्याचं बिस्किट पुढे केलं. मागच्या खिडकीतून शेड दिसत होती.

“तुम्हाला सांगू,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशी मटणाचा खिमा केला होता, वर बटाट्याचा थर घालून. मी हाक मारली. तो म्हणाला, आलोच, दोन मिनिटांत. मी म्हटलं, मरू दे. माझं मी जेवले, बशा धुतल्या, बातम्या ऐकल्या. चार वाजता चहा घेऊन गेले, तर तो यंत्रावर डोकं टेकून होता. डॉक्टर म्हणाले, जेवणाच्या वेळेलाच गेला असणार.” त्यांनी बिस्किट मोडलं आणि बशीत ठेवलं. “मी चार तास रागावलेली होते, मिस्टर ढवळे. गेलेल्या माणसावर. लोक म्हणतात विसर. विसरायचं कशाला? त्याचा तो शेवटचा शब्द आहे आणि तो मला म्हणालेला आहे. दुसऱ्या कोणाला नाही.”

मी चहा प्यायलो. अशा वेळी चहा फार उपयोगी पडतो, हे मला याच देशात कळलं.

सर्व दगडांची तपासणी डिसेंबर ते फेब्रुवारी चालली. दोनशे चौदापैकी सदतीस दगड दोषी निघाले. एका बाईंनी नवऱ्याच्या दगडावर ‘इथे तो आहे’ एवढंच कोरून पुढे ‘याची खात्री केली आहे’ असं जोडलं होतं. एका देवदूताचा चेहरा कर्ज नाकारणाऱ्या बँक मॅनेजरसारखा होता. पण चेहरा हा मजकूर नव्हे म्हणून त्याला संशयाचा फायदा मिळाला. विशेष म्हणजे जुन्या दगडांत लेव्हिटी जास्त आढळली. नियम करणाऱ्यांच्या आजोबांना तो नियम माहीत नव्हता.

दोषींच्या यादीतला छत्तिसावा दगड तपासताना नॉर्मन यांनी वही मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. मीही दगड वाचला. तो एडगर रस्कूम यांचा होता, मिस रस्कूम यांचे वडील, या चर्चचे वादक. मजकूर असा : ‘चाळीस वर्षे ऑर्गन वाजवला. आता शांतता.’

नॉर्मनचे खांदे हलत होते. माझ्याबद्दल मी काही सांगू इच्छित नाही.

आम्ही दोघांनी बराच विचार केला. ही नोंद गाळावी असं मी सुचवलं. नॉर्मन म्हणाले, आकडा तो आकडा. शेवटी मार्चच्या सभेत मी यादी वाचली, छत्तिसाव्या क्रमांकावर खोकलो आणि पुढे गेलो. मिस रस्कूम यांनी चष्मा काढला.

“परत वाचा.”

मी परत वाचलं.

पाद्रीबाईंनीही कोटाची गुंडी सोडली.

“मला वाटत होतं ते बायबलमधलं आहे,” मिस रस्कूम म्हणाल्या.

“नाही हो,” पाद्रीबाई हळूच म्हणाल्या. “मी सगळं वाचलंय.”

“आईने लिहून दिलं होतं. मी तेव्हा नऊ वर्षांची. दर रविवारी ती मला तिथे घेऊन जायची आणि दगडापुढे उभी राहून तोंडावर रुमाल धरायची. खांदे गदगदा हलायचे तिचे. मी तिचा हात घट्ट धरायची.” त्यांनी चष्मा पुसला. “सत्तर वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की माझी आई रडायची.”

“वाजवायचे कसे?” नॉर्मन यांनी विचारलं.

“भयंकर,” मिस रस्कूम म्हणाल्या, आणि मग जे झालं ते इतिवृत्तात ‘अध्यक्ष काही काळ बोलू शकल्या नाहीत’ असं नोंदलेलं आहे. श्रेणी पाच. आधार माझ्या खांद्याचा घेतला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते हसण्याचं होतं की दुसरं, याचं माप नॉर्मनपाशी नव्हतं.

सावरल्यावर त्यांनी ठराव मांडला. नियम रद्द करण्याची सूचना अर्थातच कोणी केली नाही. या देशात नियम रद्द करत नाहीत, त्याच्याभोवती बाग करतात. ठराव असा की दगड हा दगड असून त्याला कसलीही वृत्ती नसते. सबब लेव्हिटी दगडात नसून वाचणाऱ्यात असते. सबब नियम अकरावा यापुढे फक्त वाचकांना लागू राहील. ठराव एकमताने मंजूर. जोसाया व्हेन यांच्यावरची नोटीस मागे घेण्यात आली. (त्यांनी प्रकरण मोठ्या संयमाने घेतलं.)

दगड एप्रिलमध्ये बसला. विनीबाई चढ दोनदाच थांबून चढल्या. समिती फाटकापाशी, अदबीने दूर उभी होती. त्या दगडापुढे गेल्या, वाचलं, आणि कमरेवर हात ठेवून मोठ्याने म्हणाल्या, “वर्ष होत आलं, सिरिल.” मग त्या हसायला लागल्या आणि शेजारच्या बाकावर बसून हसतच राहिल्या. नॉर्मनने सवयीने वही काढली होती. मिस रस्कूम यांनी ती हातातून घेतली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

नावाखाली जागा का सोडली आहे, असं लेन हॉकडेंनी विचारलं तेव्हा विनीबाई म्हणाल्या, “माझ्यासाठी. पण लिहायचं काही नाही. मला जे बोलायचंय ते मी त्याला तोंडावर बोलणार आहे.”

या प्रकरणातून धडा घेऊन समितीने नवा अर्ज छापला आहे. त्यात प्रश्न चौदावा असा : ‘मृत व्यक्तीची अशी एखादी गोष्ट, जी आठवून घरची माणसं अजून हसतात.’ मृत्यू अचानक येतो, म्हणून अर्ज आधीच भरून ठेवण्याची सोय आहे. फक्त चौदावा प्रश्न घरच्यांनी भरायचा असतो. आतापर्यंत एकोणीस अर्ज आले. पैकी सोळांत चौदाव्यापुढे रेघ मारलेली आहे. हे सोळा जण गावातले अत्यंत प्रतिष्ठित, कामसू, वक्तशीर लोक आहेत. त्यांना कधी लेव्हिटीला वेळ मिळाला नाही. त्यांच्यासाठी समितीकडे तयार मजकूर असतो, आणि असा अर्ज तीन मिनिटांत, चर्चेविना मंजूर होतो.

नमुन्यादाखल एक अर्ज चिटणिसाने भरावा असं ठरलं. माझी अखेरची व्यवस्था वेगळी असली तरी कागद तो कागद, म्हणून मी घरी बायकोला, कुमुदला, चौदावा प्रश्न वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती.

“तुमच्याबद्दल?” ती म्हणाली. “थांबा हं, आठवते.”

याला आज तीन आठवडे झाले. ती अजून आठवते आहे. काल म्हणाली, “तुमचं औषधांचं कपाट फार नीटनेटकं असायचं.” मी ते लिहून घेतलं आहे.

असो. अर्ज सर्वांसाठी खुला आहे, गावाची अट नाही. आपणही एक मागवावा आणि चौदावा प्रश्न आज जेवताना घरच्यांपुढे ठेवावा. ते एकमेकांकडे पाहू लागले, तर घाबरू नये. आपण इथवर सरळ चेहऱ्याने वाचत आलात, त्यावरून चिटणिसाचा अंदाज असा की आपला अर्ज तीन मिनिटांत मंजूर होईल.